ताई, तुमचा दाखला अडलाय कुठे?

तालुक्याच्या प्रत्येक गावात एक तरी 'पॉलिसीवाल्या ताई' असतातच. भिशीत भेटतात, हळदीकुंकवाला भेटतात, शाळेच्या फाटकापाशी भेटतात. कुणाच्या सासऱ्यांना रात्री दवाखान्यात हलवलं, की घरातला पहिला फोन नातेवाइकांच्याही आधी त्यांना जातो, "ताई, आपलं कार्ड तिथे चालेल ना हो?" मग या ताई क्लेमचा फॉर्म भरून देतात, डिस्चार्जचे कागद जमवतात, कंपनीच्या टोल फ्री नंबरवर अर्धा-अर्धा तास गाणं ऐकत बसतात. हे सगळं करायचा पगार त्यांना नसतो. मिळतं ते कमिशन, तेही हप्ता भरला गेला तरच.

गावाच्या अडचणीला धावणाऱ्या या बाईला स्वतःच्या कंपनीतून बाहेर पडायचं असलं, तर मात्र तिच्यासाठी कुणी धावत नाही. मैत्रिणींनो, आज याच विषयावर बोलायचं आहे. तुमच्यापैकी कुणी एजंट असेल तर तिच्यासाठी, आणि जिची पॉलिसी अशा एखाद्या ताईकडे आहे तिच्यासाठीही.

सोडावंसं का वाटतं?

कारणं साधीच असतात. कंपनीने क्लेम अडवला की गावात तोंड दाखवावं लागतं ते ताईला. साहेब लोक जिल्ह्याच्या गावी बसलेले असतात. कधी जवळचं चांगलं हॉस्पिटल कॅशलेसच्या यादीतून निघून जातं. कधी हप्ता असा वाढतो की नूतनीकरणाचा निरोप द्यायला जाताना ताईचेच पाय जड होतात. कधी कमिशनचा हिशोब वेळेवर मिळत नाही.

त्यात अलीकडे एक भर पडली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. ग्राहकाच्या दृष्टीने फार चांगलं झालं. पण त्यामुळे कंपन्यांना स्वतःच्या खर्चावर भरलेल्या कराची वजावट मिळेनाशी झाली, आणि काही कंपन्यांनी तो भार एजंटांच्या कमिशनवर ढकलल्याच्या बातम्या त्याच वर्षी आल्या. तेव्हा 'दुसरी कंपनी बरी' असं कुणाला वाटलं, तर त्यात बेइमानी काही नाही.

मग ताई साहेबांना फोन करते. साहेब म्हणतात, "अहो मॅडम, एवढी घाई कशाला? मार्च होऊ द्या." मार्च होतो. मग म्हणतात, "एनओसी वरून यावी लागते." मग साहेबांची बदली होते. नवे साहेब म्हणतात, "तुमचा अर्ज तर फाईलला दिसत नाही." आणि खरंच नसतो, कारण सगळं फोनवरच झालेलं असतं!

एनओसी नव्हे, दाखला

इथे पहिली गोष्ट नीट समजून घेऊ या. बोलताना सगळे 'एनओसी' म्हणतात, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र. शब्दच असा आहे की समोरच्याला हरकत घ्यायचा अधिकार आहे असं वाटावं. नियमात मात्र या कागदाचं नाव वेगळं आहे, सेसेशन सर्टिफिकेट. मराठीत म्हणायचं तर एजन्सी संपल्याचा दाखला. 'ही बाई आमच्याकडे अमुक तारखेपर्यंत एजंट होती, आता नाही,' एवढंच तो सांगतो. ही परवानगी नव्हे, झालेल्या गोष्टीची नोंद आहे.

'इर्डा' म्हणून आपण ओळखतो त्या विमा नियामक प्राधिकरणाने विमा एजंटांच्या नेमणुकीचे नियम १ एप्रिल २०१६ पासून लागू केले. त्यात ही पद्धत स्वच्छ लिहिलेली आहे. एजंटने आपलं नेमणूकपत्र आणि ओळखपत्र कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे परत करायचं. राजीनामा दिल्यापासून १५ दिवसांच्या आत कंपनीने तो दाखला द्यायचा. दुसऱ्या कंपनीकडे अर्ज करताना तो जोडायचा. आणि दाखल्याच्या तारखेपासून ९० दिवस झाल्यावर नव्या कंपनीने त्या अर्जाचा विचार करायचा.

आता यातली मेख बघा. ९० दिवस मोजायचे ते राजीनाम्यापासून नव्हे, दाखल्यापासून. समजा १ जूनला राजीनामा दिला आणि १६ जूनला दाखला हातात आला, तर १४ सप्टेंबरला ९० दिवस पुरे होतात. पण तोच दाखला दिवाळीत मिळाला, तर तीन महिन्यांची मोजणी दिवाळीपासून सुरू होणार. म्हणजे कंपनीने काहीही न करता, नुसतं गप्प बसून ताईचं अख्खं वर्ष घालवता येतं. 'नाही' म्हणायचीसुद्धा गरज नाही.

पूर्वी एजंटचा परवाना इर्डा देत असे. २०१५ मध्ये विमा कायद्यात दुरुस्ती झाली आणि नेमणुकीचं काम कंपन्यांकडे आलं. त्यामुळे कागदपत्रांची कटकट कमी झाली हे खरं. पण जिच्या हाताखालून सुटायचं आहे, दाखलाही तिच्याच हातून घ्यायचा, अशी ही व्यवस्था आहे.

वर्षानुवर्षांची मेहनत कुणाच्या नावावर?

दुसरी गाठ पैशाची आहे. आरोग्य विमा दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो आणि दरवर्षी त्यावर कमिशन मिळतं. समजण्यासाठी एक हिशोब करू. एखाद्या ताईकडे ६० कुटुंबं आहेत, आणि प्रत्येकाचा सरासरी हप्ता १५ हजार आहे. वर्षाचा एकूण हप्ता ९ लाख झाला. १५ टक्के कमिशन धरलं तर वर्षाला १ लाख ३५ हजार. (२०२३ पर्यंत कमिशनची कमाल मर्यादा नियमातच ठरलेली होती. १ एप्रिल २०२३ पासून ती जाऊन एकूण खर्चावर मर्यादा आली, त्यामुळे आता कंपनीगणिक दर वेगळे.) छोट्या गावात या रकमेत मुलीच्या कॉलेजची फी निघते, घराचा हप्ता निघतो.

आता ताईने कोड बंद केला की आरोग्य विम्यात साधारणपणे हे पुढच्या वर्षांचं कमिशन थांबतं. कुटुंबं तीच, पॉलिसी तीच, कंपनीला येणारा हप्ता तोच. फक्त ज्या बाईने उन्हातान्हात दहा-दहा फेऱ्या मारून ती पॉलिसी दिली, तिचं नाव पुसलं जातं. कराराच्या कागदावर ग्राहक कंपनीचा असतो, हे खरंच आहे. पण ग्राहकाने सही केली होती ती ताईच्या भरवशावर. हा भरवसा कुणाच्या मालकीचा, हे कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं.

यावर विचार होऊ शकतो, हे आयुर्विम्यात दिसलं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने एलआयसी एजंटांसाठी काही निर्णय जाहीर केले. ग्रॅच्युइटीची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाख झाली. आणि एजन्सी सोडून पुन्हा नेमणूक झालेल्या एजंटना जुन्या कामावरचं नूतनीकरण कमिशन मिळण्याची वाटही उघडली. तोवर पुन्हा आलेल्या एजंटला जुन्या कामावरचं कमिशन मिळत नसे. तिथे कंपनी तीच होती, हा फरक आहेच. पण जुन्या मेहनतीला मोल असतं, हे तरी मान्य झालं. आरोग्य विम्यातल्या एजंटना अजून असं काही ऐकायला मिळालेलं नाही.

कंपनीची बाजूही ऐकू

नाण्याला दुसरी बाजू असते. एखादा एजंट जाताना सगळे ग्राहक उचलून नव्या कंपनीत नेतो, आणि त्यात ग्राहकाचं भलं पाहिलं जातंच असं नाही. आरोग्य विम्यात १ ऑक्टोबर २०११ पासून पोर्टेबिलिटी आहे, म्हणजे ग्राहक आपली पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेऊ शकतो आणि जुन्या आजारांसाठीच्या प्रतीक्षेची जी वर्षं भरली ती वाया जात नाहीत. पण नवी कंपनी तब्येत बघून नकार देऊ शकते. साठी ओलांडलेल्या, साखर आणि बीपी असलेल्या माणसाला नुसत्या कमिशनसाठी हलवणं म्हणजे त्याच्या म्हातारपणाशी खेळ. शिवाय पूर्वीच्या वर्षांचा फायदा जुन्या विमा रकमेपुरताच मिळतो, वाढवलेल्या रकमेला प्रतीक्षा नव्याने सुरू होते.

म्हणून ९० दिवसांचा खंड असावा, हे एक वेळ पटतं. कुणी रोख हप्ते घेऊन भरले नसतील तर तो हिशोब आधी मिटावा, हेही पटतं. कायद्याने एजंटकडे आलेला हप्ता सुट्ट्या वगळून २४ तासांत कंपनीत जमा व्हायला हवा. पण जिचा हिशोब चोख आहे, जिच्याबद्दल एक तक्रार नाही, तिचा दाखला केवळ 'चांगली एजंट जाते, टार्गेट बुडतं' म्हणून अडवायचा, याला काय म्हणावं?

१८७२ च्या भारतीय करार कायद्यातसुद्धा एजंटला आपण होऊन एजन्सी सोडता येते, फक्त तशी रास्त सूचना द्यावी लागते. कुणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून अडवणारा करार त्याच कायद्याच्या २७ व्या कलमाने साधारणतः रद्दबातल ठरतो. तेव्हा 'सोडलंत तर कुठेच काम करू देणार नाही' असं कुणी दमात घेतलं, तर घाबरून जाऊ नका.

तक्रार करायची तर कुठे?

इथेच खरं दुखणं आहे. ग्राहकाचा क्लेम अडला तर त्याच्यासाठी विमा लोकपाल आहे, मुंबईत आहे, पुण्यात आहे. इर्डाचं 'बिमा भरोसा' पोर्टल आहे, ग्राहक मंच आहे. एजंटसाठी यातलं काहीच बनलेलं नाही. ती नोकरदार नाही, त्यामुळे कामगार कायद्याचा आधार सहसा मिळत नाही. ती ग्राहकही नाही. १५ दिवसांचा नियम आहे, पण सोळाव्या दिवशी तिने कोणत्या खिडकीवर जायचं, हे तिला कुणी सांगत नाही.

तुलनेला शाळेचं उदाहरण घ्या. शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकांनी अडवून धरल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने त्यावर उपाय केला. दाखला लगेच द्यायचा, असं तर म्हटलंच. पण दाखल्याला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही, आणि उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर कारवाई करायची, असंही लिहिलं. उशिराचं ओझं मुलाच्या डोक्यावरून काढून उशीर करणाऱ्याच्या डोक्यावर ठेवलं. विम्यातही एवढंच करायला हवं. १५ दिवसांत दाखला आला नाही, तर राजीनाम्याची पोच हाच दाखला समजावा आणि ९० दिवस तिथून मोजावेत. यात कुणाचं नुकसान आहे, सांगा बरं?

आणि हे आत्ताच ठरायला हवं, कारण या क्षेत्रात बायकांना बोलावण्याची सध्या मोठी लगबग आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपतला पंतप्रधानांच्या हस्ते एलआयसीची 'विमा सखी' योजना सुरू झाली. दहावी पास महिलांना पहिल्या वर्षी महिना ७ हजार, दुसऱ्या वर्षी ६ हजार, तिसऱ्या वर्षी ५ हजार रुपये विद्यावेतन, असं तिचं स्वरूप. गावोगावी विमा पोहोचवण्यासाठी इर्डानेही महिलांना पुढे ठेवून 'बिमा वाहक' ही कल्पना मांडली. आत येण्याचे दरवाजे वाढताहेत, आनंद आहे. पण ज्या घराला बाहेर पडायचा दरवाजा नाही, तिथे लेक देताना आपण दहादा विचार करतो ना?

सोडायचंच असेल तर

आता कामाचं बोलू. ज्यांना खरंच सोडायचं आहे त्यांनी एवढं करा.

एक, फोनवर राजीनामा नसतो. साध्या मराठीत का होईना, पण लेखी द्या. त्यात एजंट कोड, नेमणुकीची तारीख, 'नेमणूकपत्र आणि ओळखपत्र सोबत परत करत आहे' हे वाक्य, आणि '२०१६ च्या नियमांनुसार १५ दिवसांत सेसेशन सर्टिफिकेट द्यावे' ही मागणी लिहा. परत करायच्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.

दोन, पत्र शाखेत हातोहात दिलं तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. देत नसतील तर वाद घालू नका, स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा. तेच पत्र ई-मेलने शाखेला आणि मुख्य कार्यालयालाही पाठवा. १५ दिवस मोजायला सुरुवातीची तारीख लागते, आणि ती सिद्ध करणारा कागद तुमच्याच जवळ हवा.

तीन, कंपनीत नोंदलेला मोबाईल आणि ई-मेल कुणाचा आहे, ते आजच तपासा. पुष्कळ घरांत कोड तिच्या नावावर आणि फोन त्याच्या हातात असतो. काही ठिकाणी ई-मेलचं खातं साहेबांनीच उघडून दिलेलं असतं आणि पासवर्डही त्यांच्याकडेच. असं असेल तर आधी ते बदलून घ्या. नाहीतर दाखला कदाचित येऊनही पडला असेल आणि तुम्हाला पत्ताच नसेल.

चार, राजीनाम्याची वेळ बघा. तुमची बहुतेक नूतनीकरणं कुठल्या महिन्यात येतात, याची वहीत यादी करा. ती होऊन त्यांचं कमिशन खात्यात आल्यावर पत्र द्या. किती कमिशन यायचं होतं आणि किती आलं, हे विवरणपत्राशी ताडून बघा. आयकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनवर कापलेला कर दिसतो, तोही पडताळायला उपयोगी पडतो.

पाच, मधले तीन महिने रिकामे बसायला नको. २०१६ च्या नियमांनुसार एका व्यक्तीला एक आयुर्विमा कंपनी, एक सर्वसाधारण विमा कंपनी आणि एक आरोग्य विमा कंपनी अशी वेगवेगळी एजन्सी घेता येते. तुमचा कोड फक्त आरोग्य विमा करणाऱ्या कंपनीचा असेल, तर सर्वसाधारण विमा कंपनीची एजन्सी हा वेगळा गट आहे. या कंपन्या गाडीच्या विम्याबरोबर आरोग्य विमाही विकतात. म्हणजे काही जणींना जुना दाखला येण्याआधीच दुसरी चूल मांडता येईल. अर्जात आधीच्या एजन्सीची माहिती मात्र खरी द्या. पॅनवरून ती कळतेच.

सहा, १५ दिवस उलटले तर पहिली आठवण मुख्य कार्यालयाला, लेखी. तरी हालचाल नाही, तर सगळ्या पत्रांच्या प्रती जोडून हैदराबादला इर्डाच्या कार्यालयाला लिहा. शक्य असेल तर एकटीने लिहू नका. एकाच शाखेतल्या चौघी-पाच जणी अडकल्या असतील तर पाच पत्रं जाऊ द्यात.

आणि एक पथ्य. जाताना ग्राहकांची आजारपणाची कागदपत्रं, आधारच्या प्रती बरोबर नेऊ नका. ती तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेली असतात, आणि पुढे अडचणीचीही ठरू शकतात.

आणि आपण, पॉलिसी घेणाऱ्या?

आपली ताई कंपनी सोडून गेली म्हणून आपली पॉलिसी बंद पडत नाही. पण हप्त्याची आठवण करून देणारं मात्र कुणी उरत नाही. तेव्हा पॉलिसीची प्रत, ग्राहक क्रमांक आणि नूतनीकरणाची तारीख स्वतःच्या हाताने लिहून ठेवा. वार्षिक हप्त्याला मुदतीनंतर साधारण ३० दिवसांची सवलत असते, पण हप्ता भरेपर्यंतच्या मधल्या दिवसांत दवाखान्यात जावं लागलं तर त्याचा खर्च मिळेल असं धरून चालू नका. ताईने 'माझ्याबरोबर नव्या कंपनीत चला' म्हटलं, तर रागावू नका आणि लगेच होही म्हणू नका. नव्या कंपनीकडून लेखी मंजुरी आल्याशिवाय जुनी पॉलिसी सोडायची नाही, एवढं लक्षात ठेवा. पोर्टिंगचा अर्ज नूतनीकरणाच्या पुरेसा आधी, शक्यतो दीड-दोन महिने आधीच करावा.

सिमकार्ड बदलताना आपण जुन्या कंपनीला 'जाऊ का?' असं विचारत नाही. पॉलिसी बदलताना विचारत नाही. मग ती पॉलिसी घरोघर पोहोचवणारीनेच हात जोडून का उभं राहावं? तिला जो कागद हवा आहे तो तिच्या हक्काचा आहे, त्याची मुदतही ठरलेली आहे. तेव्हा साहेबांना आणखी एक फोन करण्याआधी एक कोरा कागद घ्या, वर आजची तारीख घाला आणि लिहायला बसा.